बारीची संहिता मागणारं टेबल

रविवारी तुमचं कुणाशी भांडण होणार आहे आणि समोरचा काय बोलेल ते तुम्हाला ठाऊक नाही. तर त्याला तुम्ही काय उत्तर देणार, हे आज तीन प्रतींत लिहून द्याल का?

नाही देणार. विचारणाऱ्यालाच वेड्यात काढाल. पण हाच प्रश्न मला एका बाईला विचारावा लागला. खिडकीच्या आत बसून, सरकारी आवाजात. त्याचा मला पगार मिळतो.

मी पोलिसांच्या एका परवाना कार्यालयात लिपिक आहे. अंगावर खाकी नाही, हातात काठी नाही, तरी लोक माझ्या खिडकीशी येतात ते खांदे पाडून. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं मला ‘साहेब’ म्हणतात. पहिल्या महिन्यात मी त्यांना अडवायचे, नंतर अडवणं सोडलं, कारण रांग थांबायची. माझ्या टेबलावर तिकीट लावून होणारे कार्यक्रम येतात: ऑर्केस्ट्रा, जादूचे प्रयोग, हॉटेलांतल्या पार्ट्या आणि पावसाळ्यात, गणपतीला गावी जाण्याआधी, कोकणातल्या ग्रामस्थ मंडळांच्या बाऱ्या.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, पत्रकं राहिली. घराच्या हक्काची पत्रकं, सभेची पत्रकं, आमच्यात फूट पाडणाऱ्यांना ओळखा म्हणून सांगणारी पत्रकं. कपाटाच्या फळ्यांवर तीच अंथरलेली, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं तीच. मी वाचायला त्यांवरूनच शिकले. कमळातला ‘क’ नीट यायच्या आधी मला ‘संघर्ष’ लिहिता येत होता. रविवारी वडील मला वाटपाला सोबत न्यायचे. म्हणायचे, “कागद देताना माणसाच्या डोळ्यांत बघायचं. नाय बघितलंस तर तो कागद नाय, कचरा.”

मी पोलिसांत लिपिक म्हणून लागले हे ऐकल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आमच्या मोर्चाचा अर्ज आता घरातच नामंजूर होणार. बरं झालं, बसभाडं वाचलं.”

आता बारीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. बारीत दोन बाजू असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. दोन्हीकडे एकेक शाहीर, त्याच्या मागे ओळ उचलून झील धरणारे, ढोलकी, पायात चाळ बांधून नाचणारे. सुरुवातीला गण, मग गवळण. मग खरा खेळ सुरू होतो. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा. पुराणातला, व्यवहारातला, कधी थेट समोरच्याला झोंबणारा. समोरच्याने आपली पाळी येईपर्यंत उत्तर रचायचं आणि गाऊन दाखवायचं. उत्तर आलं नाही तर हरलात. आधी ठरवून काही नसतं. लोक तिकीट काढून येतात ते तेवढ्यासाठीच.

ती बाई आली तेव्हा खिडकीशी गर्दी होती. वय चाळिशीचं, राहणारी घोडपदेवची. परळच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटते. वडील तुऱ्याचे शाहीर होते, त्यांच्या मागे लहानपणापासून झील धरलेली. वडील गेल्यावर चाळीतल्या पूजांना, हळदीकुंकवाला स्वतः गायला लागली. आता तिच्या गावच्या मंडळाने परळच्या एका हॉलमध्ये बारी ठरवली होती, आणि समोर उभा राहणार होता शक्तीचा एक नावाजलेला शाहीर. त्याने मंडळाला स्पष्ट सांगितलं होतं, “बाईसमोर एकदा उभा राहतो. परत विचारू नका.” म्हणजे तिच्या वाट्याला हा एकच रविवार होता.

“तुमची संहिता जोडलेली नाही,” मंडळाने तिच्या हाती पाठवलेला अर्ज चाळून मी म्हणाले.

“ती काय असते, बाय?”

“कार्यक्रमात जे म्हणणार ते सगळं लिहून. तीन प्रती.”

ती हसली. “गण देते लिहून. गवळण देते. पुढचं त्याला विचारा.”

“कुणाला?”

“समोरच्याला. तो काय टाकतोय त्यावर माझं ठरनार ना.”

माझ्या मागून आमचे हेडक्लार्क बोलले. “मग त्याला आधीच विचारून घ्या की. फोन नाही का त्याच्याकडे?”

“साहेब, विचारून-सांगून करायचं तर बारी कशाला? लग्नच लावू!”

सगळी रांग हसली. हेडक्लार्कही हसले आणि हसता हसताच त्यांनी अर्जावर लाल पेनाने ‘त्रुटी’ असं लिहिलं. ते दुष्ट नाहीत. डबा आणला नाही तर मला स्वतःच्यातली भाजी देतात. पण हसणं आणि अडवणं एकाच हाताने करता येणं, हे आमच्या खात्यात वर्षानुवर्षं मुरल्याशिवाय जमत नाही.

“समोर झेरॉक्सवाला आहे,” त्यांनी तिला सांगितलं. “बारीची संहिता द्या म्हणा. देईल.”

खरंच देतो. तयार असते त्याच्याकडे. एक गण, एक गवळण, दोन अभंग आणि शेवटी झाडं लावा, पाणी वाचवा असं सांगणारं एक कवन. खाली शाहिराचं नाव तेवढं बदलायचं. कुठल्याही मंडळाचा अर्ज उघडा, आत तीच. मला पाठ आहे. स्टेजवर ती कुणी कधी म्हटलेली नाही आणि हे आम्हाला ठाऊक आहे, मंडळांना ठाऊक आहे, झेरॉक्सवाल्याला तर सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. विचार करून पाहा: माणसं पोलिसांना सही करून लेखी खोटं देतात आणि ते खोटं मिळाल्याशिवाय पोलीस परवाना देत नाहीत.

ती गेली आणि थोड्या वेळाने परत आली. हातात कागद होते, सही नव्हती.

“खाली लिवलंय, ‘वरील कवने माझी स्वतःची आहेत.’ ही माझी नायत.”

“अहो, सगळेच देतात,” हेडक्लार्क म्हणाले.

“देऊ देत. उसनं कवन आपलं म्हननाऱ्याला आमच्यात शाहीर नाय बोलत.”

“तुम्हाला गायचंय कुठे ते? नुसती सही करायचीय.”

“मंग ती सही माझी म्हनू का चोराची?”

आता कुणी हसलं नाही. हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आमच्या कार्यालयात असं कुणी करत नाही. लोक कुठल्याही कागदावर सही करतात. ‘मी मद्यप्राशन करत नाही’ याच्यावर करतात, ‘मला सर्व अटी वाचून समजल्या आहेत’ याच्यावर तर न बघताच करतात. ही एक बाई, जिला त्या सहीने एका मिनिटात परवाना मिळाला असता, ती कवन आपलं नाही म्हणून अडून बसली. हेडक्लार्क दुपारी म्हणाले, “मूर्ख आहे.” मला मात्र आमच्या त्या सगळ्या खोलीत तीच एक कायदा पाळणारी वाटली.

मी टिपणी लिहिली. दोन पानं. बारी ही जागेवर रचली जाणारी कला आहे, तिची संहिता असूच शकत नाही, ती मागणं म्हणजे खोटा कागद मागणं आहे, सबब ही अट या प्रकाराला लावू नये. हेडक्लार्कनी ती उभ्यानेच वाचली.

“ही टिपणी आहे का पत्रक?”

“टिपणी आहे.”

“खाली ‘एकजुटीचा विजय असो’ तेवढं राहिलंय बघ.” त्यांनी ती फाइलला लावलीच नाही, माझ्याच टेबलावर ठेवून दिली.

त्याच दिवशी लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या पार्टीची फाइल माझ्याकडे आली. जिथे माणसं सूत कातत होती तिथे आता काचा आणि दिवे आहेत. गाणी वाजवणारा परदेशी, मध्ये मध्ये बोलणारा निवेदक, बोलणं ऐनवेळचं. संहितेच्या रकान्यात टाइप केलं होतं, ‘लागू नाही.’ वर आमच्या अधिकारी साहेबांची सही होऊन आलेली.

“याला कसं लागू नाही?” मी विचारलं.

“अगं, तो गातो कुठे? गाणी लावतो.”

“आणि निवेदक?”

“तो इंग्लिशमध्ये बोलणार,” हेडक्लार्क म्हणाले, आणि हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

मी त्या बाईला फोन केला. म्हटलं, ताई, या, आणि संहितेच्या जागी ‘लागू नाही’ असं लिहून द्या. दुसऱ्या दिवशी तिने तसंच लिहिलं, ठसठशीत, बालबोध अक्षरात. फाइल वर गेली आणि त्या दोन शब्दांना गोल काढून खाली आली. शेजारी शेरा होता, ‘यांना लागू आहे.’

तेच शब्द. तोच रकाना. एका कागदावर ते चालतात, कारण कागद चकचकीत आहे. दुसऱ्यावर चालत नाहीत, कारण लिहिणारीच्या नखांत पीठ आहे.

मग साहेबांनी तिला आत बोलावलं, मलाही. ते वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“हे बघा ताई, बारीत काय चालतं ते आम्हाला माहीत आहे. टोमणे असतात, दोन अर्थांचं बोलणं असतं, घरच्यांपर्यंत जातात. पुरुष-पुरुष असले की ठीक. तुम्ही बाईमाणूस. उद्या तो काही वावगं बोलला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तर जबाबदारी कुणाची?”

“बोलनाऱ्याची.”

“अं?”

“वावगं तो बोलनार, साहेब. आन परवाना माझा अडकतोय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हे मीच पढवलं असावं तसं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुमच्या काळजीपोटीच सांगतोय. संहिता राहू दे. एक हमीपत्र द्या. मी फक्त भक्तिपर गाईन आणि समोरून आक्षेपार्ह प्रश्न आल्यास उत्तर देणार नाही.”

“म्हंजे गप बसायचं?”

“गप्प बसायचं. त्यात काय कमीपणा आहे?”

“बारीत गप बसला तो हरला, साहेब. तुमी मला हरायचा परवाना देताय.”

पाणी तसंच ठेवून ती उठली.

शक्तीच्या त्या शाहिराला कुणी हमीपत्र मागितलं नाही. त्याची झेरॉक्सची संहिता फाइलीत केव्हाच लागली होती, तिच्यावर सहीसुद्धा त्याच्या ढोलकीवाल्याने ठोकली होती. ज्याच्या तोंडाची भीती, त्याचं तोंड मोकळं. जिची काळजी, तिच्याच तोंडावर हात. ही काळजी मी लहानपणापासून ओळखते. आमच्या चाळीत नळावर कुणी पोरगी छेडली गेली की तिच्या घरचे तिचंच नळावर जाणं बंद करायचे. आता तीच रीत सहीशिक्क्यानिशी चालवायला मी रोज साडी नेसून जाते.

दोन दिवसांनी मंडळाचे सेक्रेटरी आले. घामाघूम झालेला, भला माणूस. हॉल ठरलेला, गावच्या वाडीवाडीत निरोप गेलेले. त्यांनी नवा अर्ज आणला होता. तुऱ्याच्या बाजूला तिचं नाव खोडून एका पुरुष शाहिराचं नाव, सोबत झेरॉक्सवाल्याची संहिता, सही तयार.

“त्यांना सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगतो ना. आधी परवाना हातात पडू द्या.”

“म्हणजे त्यांना माहीत नाही?”

“मॅडम, मी काय करू? कार्यक्रम तरी वाचायला पाहिजे. पुढच्या वर्षी बघू त्यांचं.”

“पुढच्या वर्षी तो शाहीर उभा राहणार नाही.”

त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही ते ठाऊक होतं.

मी हेडक्लार्कना सांगितलं, हा शिक्का मी मारणार नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, वर कळवतील, निदान का म्हणून विचारतील. त्यांनी माझ्या टेबलावरचा शिक्का उचलला, फुंकर घातली आणि मारला. “घे,” म्हणाले, “शिक्क्याला हात कुणाचा होता ते उमटत नाही.” दुपारच्या चहाच्या आत परवाना गेला. जो कागद इतके दिवस अडला होता, तो एक बाई वजा केल्याबरोबर पळायला लागला.

संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या मागच्या दारात तिची वाट बघत उभी राहिले. निदान आमच्या खात्यातल्या कुणाच्या तरी तोंडून तिला कळावं म्हणून. तिने सगळं ऐकलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, “माझ्या जाग्यावर कोन?” मी नाव सांगितलं.

“तो?” ती म्हणाली. “बाबांच्या मागं झील धरायचा. दर वेळी अर्धा ताल मागं.” मग पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “रविवारी ये. बघायला तरी जाऊ. तिकिटाला संहिता लागत नाय ना?”

आम्ही गेलो. दुपारचा कार्यक्रम होता, हॉल भरलेला. तिच्यामागे झील धरणार होत्या त्या बायका सोबत होत्या. त्यांनी शिवून घेतलेल्या एकसारख्या हिरव्या साड्या त्या तरीही नेसून आल्या होत्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे पहिल्या रांगेत बंदोबस्ताचा हवालदार होता. संहिता तपासायला कुणी आलेलं नव्हतं. कधीच येत नाही.

गण झाला, गवळण झाली. मग शक्तीच्या शाहिराने पहिला टोमणा टाकला. वाघीण येणार म्हणून कंबर कसून आलो होतो, पोलिसांचा कागद बघून वाघीण बिळात गेली, आता मी शिकार कुणाची करू. हॉलमध्ये हशा पिकला. शिट्ट्या वाजल्या. हवालदारही मान हलवून हसला. मंजूर संहितेत इथे झाडं लावायची होती.

याला उत्तर देणं तुरेवाल्याचं काम. तुऱ्याच्या बाजूच्या बाईला बोललेलं ते तुऱ्याला बोललेलं. पण तो नवा शाहीर हसणाऱ्यांत सामील झाला, दोन टाळ्या दिल्या आणि भलतंच पुराण सुरू केलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेका धरत होती, ओठ हलत होते. ढोलकी फिरून समेवर यायच्या आत तिचं उत्तर तयार झालं होतं. तिने ते म्हटलं, हळूच, आमच्या रांगेपुरतं. बायकांनी आपोआप झील धरली, तीही कुजबुजत्या आवाजात. ते कवन मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढं सांगते की त्यात वाघीण होती, बीळ होतं, आणि बिळाच्या दाराशी सरकारी पहारा बसवून शिकारीला निघालेला एक शूर शिकारी होता. आमच्या रांगेत हसू फुटलं तसा पुढचा एक माणूस वळला आणि खेकसला.

“ए, गप बसा गं! ऐकू द्या की कार्यक्रम!”

ती गप्प बसली.

बाहेर पडल्यावर फुटपाथवर उभं राहून तिने चप्पलचा पट्टा नीट केला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “ताई, उत्तर छान होतं.”

“उत्तर व्हतंच, बाय,” ती म्हणाली. “उभं ऱ्हायाला जागा नव्हती.”

हे मागच्या वर्षीचं. शक्तीचा तो शाहीर शब्दाला जागला. तो पुन्हा तिच्यासमोर उभा राहणार नाही. पण या वर्षी शक्तीचा एक तरुण शाहीर तयार झाला आहे आणि दुसऱ्या एका गावच्या मंडळाने तिचं नाव घातलं आहे. अर्ज माझ्या टेबलावर आला आहे. संहितेच्या जागी तिने एक ओळ लिहिली आहे: ‘बारी जागेवर रचतात, लिहून आणलेली बारी नसते.’ त्रुटी निघणार, हे मी आजच सांगते. एकटा अर्ज आहे. एकट्या अर्जाला गोल काढायला एक पेन पुरतं.

म्हणून हे लिहिलं. कुठल्या ना कुठल्या ग्रामस्थ मंडळात तुम्ही असाल, तुमचे काका, भाऊ, शेजारी असतील. गणपतीआधीच्या बाऱ्यांचे अर्ज आता भरले जात आहेत. या वेळी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. संहितेच्या कागदावर खरी ओळ लिहा आणि तिच्याखाली सही करा. त्रुटी काढली तर ती कारणासकट लेखी मागा आणि मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. आत मी असेन किंवा माझ्या जागी दुसरं कुणी असेल. आणि तुमच्या अर्जात एखाद्या बाई शाहिराचं नाव असेल तर तुम्हाला हळूच, चहा पाजून सांगतील, नाव बदलून आणा, लगेच देतो. बदलू नका.